ज्वारीच्या कोठीतला कॉम्प्युटर

राहुरी, १० सप्टेंबर २०२५

वैजू,

आशीर्वाद पाठवते. घ्यायचे असतील तर घे, नाहीतर पाकिटातच राहू देत, त्यांना काही खायला लागत नाही.

अजिनाथनं कॉम्प्युटर आणून पोचवला. टेम्पो दारात लावला आणि म्हणाला, "आक्का, वैजूभाऊंनी दिलाय. म्हनले, कोठ्या काढल्या, आता बियानं इकतच आनायचं. ह्यो डबा ठिवायला जागा न्हाई, आक्काला दिऊन ये." मी विचारलं, चिठ्ठी वगैरे काही? तर म्हणाला, "चिठ्ठी न्हाई. पर मागं टाकू नको, मांडीवर ठिवून ने म्हनले." आता टेम्पो चालवणाऱ्या माणसानं मांडीवर काय काय ठेवायचं? शेवटी त्यानं बायकोला शेजारी बसवून तिच्या मांडीवर ठेवून आणला. भंगार देणारा माणूस असं बजावून देत नाही, वैजू.

फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

फडकं सोडलं तर आतून कडुलिंबाचा पाला निघाला आणि पसाभर ज्वारी. साखर कारखान्याच्या कॉलनीतून गावी राहायला आलो तेव्हा आईनं हा कॉम्प्युटर बियाण्याच्या कोठीत ठेवला होता, ते मला माहीत होतं. तिच्या लेखी घरात जपायची जागा ती एकच. दरसाल कोठी भरताना ती हा बाहेर काढायची, पुसायची, गव्हाला लावतात तसा रबरी बटनांना एरंडेलाचा हात लावायची, नवा पाला घालायची आणि परत ज्वारीत गाडायची. कीड लागू नये म्हणून. कॉम्प्युटरला कीड लागत नाही हे मी तिला दोनदा सांगून पाहिलं होतं.

पण आईला जाऊन दोन वर्षं झाली. आणि हा पाला हिरवा आहे, यंदाचा आहे. बटनांवरचं तेलही ताजं आहे. तुझ्या बायकोच्या, पंकजाच्या, हातून हे व्हायचं नाही, तिला ह्या डब्याचं काय. म्हणजे आई गेल्यावर हे कोण करत होतं ते मला कळलं. म्हणून हे पत्र.

आपल्यात काय झालं ते दोघांनाही माहीत आहे, पण सहा वर्षांत ते सरळ कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. नाना गेले. सातबाऱ्यावर आईचं, तुझं आणि माझं नाव लागलं. तू हक्कसोडपत्र करून आणलंस, की बहिणीनं आपला वाटा सोडला, आणि मी सही केली नाही. तू म्हणालास, "आपल्या गावात येका बहिनीनं नाव ठिवलेलं दाखव." मी म्हणाले, मग मी पहिली. त्या दिवाळीपासून तू भाऊबीजेला आला नाहीस. आईच्या तेराव्याला आपण एका पंगतीत बसलो आणि एकमेकांना मीठसुद्धा मागितलं नाही.

मला त्या रानातला ऊस नको. कांदा नको, ज्वारी नको, आंबे पाठवलेस तर नाही म्हणणार नाही. मला नाव हवं आहे. जिथं जन्मले त्या कागदावर मी असावं, एवढंच. ते मी सोडणार नाही आणि तुलाही सोडणार नाही. मला दोन्ही हवं आहे. हावरी म्हण.

तर माझा बेत ऐक. हा कॉम्प्युटर मी चालू करणार आणि भाऊबीजेला तू तो बघायला येणार. सही न मागता.

तुझी आक्का

राहुरी, २१ सप्टेंबर २०२५

वैजू,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंच नव्हतं, त्यामुळं नाराज व्हायचाही प्रश्न नाही. थोडी झाले.

काल माझ्या कॉम्प्युटर क्लासला सुट्टी होती, तेव्हा हा उघडला. हलवला की खुळखुळ्यासारखा वाजत होता. मागच्या खाचेतून ज्वारी आत गेलेली. चिमट्यानं एकेक दाणा काढत बसले. तुझे दाजी पेपर वाचत होते, ते म्हणाले, "घरात तीन लॅपटॉप आहेत आणि तू कॉम्प्युटर निवडत बसलीस." ह्या माणसाला विद्यापीठात लोक फार गंभीर समजतात.

आईच्या एरंडेलाला नावं ठेवायला मी टपून बसले होते, पण बटनं अजून नव्यासारखी मऊ आहेत. आतलं मात्र गेलं. बटनांच्या खाली एक पातळ प्लास्टिक असतं, त्याच्या दोन पट्ट्या बोट लावताच पापडासारख्या मोडल्या. अशी प्लास्टिकं आता नवीन करून विकणारे लोक आहेत. जगात आपल्यासारखे अजून वेडे आहेत हे बघून मला बरं वाटलं. पुण्याच्या एकाकडं मागवलंय. अडॅप्टर फुगलेला होता, तो लावायचं धाडस केलं नाही, दुसरा आणला. ह्या कॉम्प्युटरचं प्लस-मायनस इतरांच्या उलटं असतं, ते आधी वाचून घेतलं होतं. नसतं वाचलं तर तिथंच सगळं आटोपलं असतं.

उघडल्यावर वास आला, वैजू. कडुलिंबाचा आणि त्याच्या खाली मळीचा. तुझा विश्वास बसणार नाही, पण मळीचाच. कॉलनीत तो वास भिंतींनासुद्धा होता. गळीत हंगाम सुरू झाला की दोरीवरच्या कपड्यांवर काजळी पडायची आणि आई कारखान्याच्या धुराड्याकडं बघून बोलायची, जसं काही ते तिचं ऐकतंय.

नाना पुण्याला कसल्याशा ट्रेनिंगला गेले होते, आठवतं? आईनं मिक्सर सांगितला होता. सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं की आमच्याकडं मिक्सर येतोय. नाना एसटीतून उतरले, खोका टेबलावर ठेवला, आणि आत काळा डबा, रबरी बटनांचा. आई त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ह्याचं भांडं कुठंय?" नाना कारखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर रसाचा गोडवा मोजायचे. त्यांना वाटत होतं की पुढचं जग ह्या डब्यात आहे. म्हणाले, "ह्यो वैजूचा. वैजू इंजिनियर व्हनार." तू पाचवीत होतास आणि तुला बैल हवा होता.

मी आठवीत. मला कोणी काही म्हणालं नाही. मी स्टुलावर बसून पुस्तकातले प्रोग्रॅम वाचायचे आणि तू बटनं दाबायचास. चुकलास की मी सांगायचे. मग तू कंटाळून खेळायला पळायचास आणि मी तुझ्या खुर्चीवर बसायचे. नाना आले की उठायचे. ते काही रागवत नव्हते, पण मी उठायचे.

बघ कसं झालं. शेत तू करतोस आणि कॉम्प्युटरवर पोट माझं चालतं. नानांनी ज्याला जे दिलं ते दुसऱ्याच्या कामाला आलं. ह्यावर तुला हसू आलं तर हस, मी बघत नाही.

आता काम. कॅसेटी तुझ्याकडं आहेत. आईच्या ट्रंकेत, कापूर आणि जुन्या शालींच्या खाली, निळ्या झाकणाच्या डब्यात. त्यातली एक आपल्या खेळाची. तुझ्याच अक्षरात 'ऊसगाडी' लिहिलेली. तेवढी अजिनाथकडं दे. कॉम्प्युटर चालू झाला आणि त्यात आपला खेळ नसला तर मला काय करायचाय तो.

आक्का

राहुरी, ३ ऑक्टोबर २०२५

वैजू,

कॅसेट मिळाली. झाकणावर बॉलपेननं लिहिलेली ओळही मिळाली. "आवाज सातवर ठेव." सहा वर्षांनी भावाचा निरोप आला तो हा. मी तो दाजींना वाचून दाखवला, मग शेजारच्या रंगुबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हंजी काय वो?" मी म्हणाले, म्हणजे तो ठीक आहे.

परवा खंडेनवमीला मी त्याची पूजा केली. क्लासमधल्या सगळ्या कॉम्प्युटरांना हळदकुंकू लावते, ह्याला पहिलं लावलं. तेव्हा दिसलं की बटनांच्या फटीत जुनं कुंकू आहे. आईचं. मी फडक्यानं सगळं पुसत होते, तिथं थांबले. तेवढी फट तशीच ठेवली आहे.

नवं प्लास्टिक बसवलं. आपला जुना टीव्ही नाही, आणि घरातल्या टीव्हीला ह्याची भाषा कळेना, म्हणून आत एक वायर जोडून चित्र बाहेर काढलं. डाग देताना बोट भाजलं, आहे ते सांगते. स्विच दाबला. आधी काळं, मग पांढरं, आणि खाली ती बारीक इंग्रजी ओळ आली. मी तशीच उभी राहिले. दाजी स्वयंपाकघरातून म्हणाले, "काय झालं, जळला का?" मग ते बाहेर आले आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसले. त्या एका कृतीसाठी त्यांचे पुढचे दहा टोमणे मी माफ केले आहेत.

पण कॅसेटवरचा खेळ काही कॉम्प्युटरवर चढेना. दाजींचा टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढला तर त्याच्या पट्ट्याचं डांबर झालेलं. पट्टा बदलला. कॅसेट लावली. किर्र आवाज सुरू झाला, पडद्याच्या कडेनं लाल-निळे पट्टे धावले, आणि मध्येच सगळं बंद, चुकलं म्हणून ओळ. पुन्हा लावली, पुन्हा चुकलं. तुझा सात आपल्या फिलिप्सच्या टेपचा होता, ह्या टेपवर तो कुठं येतो ते मी शोधते आहे. आई म्हणायची, "टेप रडतीया, गप करा तिला." आता घरभर ती रडते आणि कोणी गप करायला सांगत नाही.

ह्याच्यावर काही उपाय माहीत असला तर झाकणावरच लिही. पत्र लिहायचा आग्रह नाही.

आक्का

राहुरी, १७ ऑक्टोबर २०२५

वैजू,

चढला.

सहाच्या किंचित पुढं. आणि टेपच्या झाकणाखाली कागदाची घडी सारून कॅसेट जरा दाबून धरावी लागते. तू करायचास तसंच. मी विसरले होते, हाताला आठवलं. पिवळे-निळे पट्टे संपले आणि पडद्यावर आपली गाडी उभी. वर लिहिलेलं, भोंगा व्हायच्या आत कारखान्यात पोचा. दोन बैल, एक लाल्या आणि एक पाखऱ्या. चौकोनी चौकोनी आहेत, शिंगं म्हणजे दोन ठिपके. ते ठिपके काढायला तू एक आख्खी दुपार घेतली होतीस, कारण पाखऱ्याचं एक शिंग खाली वाकलेलं हवं म्हणून हटून बसला होतास. वाकलेलं आहे.

खेळ मी लिहिला, बैल तू काढलेस, आणि नियम आपण भांडून ठरवले. डावा बैल एकानं हाकायचा, उजवा दुसऱ्यानं. एक पुढं गेला आणि दुसरा मागं राहिला की गाडी रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत. हे आपण तेव्हा का केलं? तर एकच कॉम्प्युटर आणि तो तुझा, म्हणून मला खेळायला मिळावं ह्यासाठी मी ते मुद्दाम तसं लिहिलं होतं. एकट्याला येऊच नये असं. तुला वाटलं बैल दोन असतात म्हणून. असू दे.

आता त्याचा ताप मलाच. दोन्ही हातांनी एकटी खेळून पाहिलं, पहिल्या वळणावर चारी. दाजींना बसवलं. ते बैलाला "जरा पुढे व्हा" म्हणतात. चारी. क्लासच्या पोरी बोटांनी चपळ आहेत, पण त्या दोन बटनं एकदम दाबून धरतात, मोबाईलवर दाबल्यासारखी. चारी. कारखाना पडद्याच्या उजव्या टोकाला धूर सोडत उभा आहे आणि आमची गाडी काही तिथवर जात नाही. भोंगा मी अजून ऐकलेला नाही.

गुरुवारी भाऊबीज आहे. सहा वर्षं मी तबक घेऊन अंगणात जाते आणि चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. पहिल्या वर्षी रंगुबाईंनी विचारलं, "आवं, तुमाला तर भाऊ हाय ना?" मी म्हणाले, हाय. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. मला वाईट वाटतं, वैजू. हे मी आजवर कोणाला म्हणाले नाही. दरवर्षी वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी मी क्लासला जाऊन पोरींवर ओरडते.

ये. श्रीगोंद्याहून सकाळची गाडी पकड, नगरला बदल, जेवायला इथं पोचशील. सही करणार नाही हे मी आधीच लिहिलेलं आहे, ते तसंच आहे. तरीही ये.

आक्का

राहुरी, २४ ऑक्टोबर २०२५

वैजू,

काल तू गेलास आणि मी आज पुन्हा लिहायला बसले. जे तोंडावर बोलता आलं नाही ते लिहायचं राहून जाऊ नये.

तू दारात उभा राहिलास तेव्हा मी तुला आधी ओळखलंच नाही असं दाखवलं, ते खोटं होतं. फाटकाचा आवाज आला तेव्हाच मला कळलं होतं. केस पांढरे झालेत तुझे. नानांसारखा मान वाकडी करून घरात शिरलास. पंकजा आणि पोरं का आली नाहीत ते मी विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. पाणी पिऊन झालं आणि तू म्हणालास, "कुठंय त्यो?" जसा काही आजारी माणसाला बघायला आला होतास.

खेळ चढेपर्यंत तू टेपवर हात ठेवून बसलास. मग म्हणालास, "आक्का, मला बारीक दिसत न्हाई. पिशवीतनं चष्मा दे." मी पिशवीत हात घातला. चष्म्याच्या खाली कागद होता. स्टँपपेपर, वर माझं नाव, सासरचं आणि माहेरचं दोन्ही, आणि सहीच्या जागी पेन्सिलची फुली.

मी तुला चष्मा दिला.

त्यानंतर मी खेळत होते पण माझं लक्ष पिशवीकडं होतं. आता काढशील, मग काढशील. तू मागितली असतीस तर मी नाही म्हणाले असते, आणि तू उठून गेला असतास, आणि मग आपल्या दोघांच्या हयातीत तू पुन्हा आला नसतास. हे मला स्वच्छ दिसत होतं. त्यामुळंच पहिल्यांदा गाडी चारीत गेली, आणि दुसऱ्यांदाही. तू म्हणालास, "आक्का, तू लई मागं ऱ्हातीस, काय झालंय तुला?" मी म्हणाले, तू पळवतोस फार. तू म्हणालास, "बरं, तू म्हनशील तसं." आणि तू पाखऱ्याला धरून ठेवलंस, माझा लाल्या येईपर्यंत. पुढची सगळी वळणं आपण एकमेकांकडं न बघता घेतली.

गाडी आत गेली आणि भोंगा झाला. कसला तो भोंगा, पिपाणी आहे नुसती. पण तू म्हणालास, "भोंगा झाला. आता नाना येत्याल." आणि आपण दोघांनीही दाराकडं बघितलं. दोन म्हातारी होत आलेली माणसं. दाजी तेव्हा दारातच उभे होते, ते ओशाळून आत गेले, बिचारे.

मग मी तबक तयार केलं. तू पाटावर बसलास आणि कॉम्प्युटरकडं बघत म्हणालास, "ह्यो तुज्याकडंच ऱ्हाऊ दे, आक्का. पयल्यापासनं तूच चालवायचीस. मी नुसती बटनं दाबायचो. नानांनी माजं नाव लावलं म्हनून त्यो माजा, एवढंच." आणि पुढं काहीतरी बोलणार होतास ते बोलला नाहीस. मी निरांजन पेटवत होते आणि माझी काडी दोनदा विझली.

ओवाळून झालं. ओवाळणी काढायला तू पिशवीत हात घातलास आणि हाताला पहिला तोच कागद आला. अर्धा बाहेर आला होता. तू त्याच्याकडं बघितलंस, माझ्याकडं नाही. मग तो खाली सारलास, चष्म्याच्या डबीच्याही खाली, अगदी तळाशी, आणि हिरवी साडी काढून तबकात ठेवलीस. म्हणालास, "पंकजानं आनलीया. रंग आवडंल का न्हाई, म्हाईत न्हाई." मला आवडला. तो कोणताही असता तरी मला आवडला असता, पण हा खरंच आवडला.

तुला वाटलं असेल मी पाहिलं नाही. मी सगळं पाहिलं. एसटी सुटताना तू खिडकीतून हात केलास, तेव्हा ती पिशवी तू मांडीवर घट्ट धरली होतीस. मी स्टँडवर उभी राहून रडले आणि एका बाईनं मला विचारलं, कोण गेलं? मी म्हणाले, कोणी नाही, भाऊ आला होता.

कागद करून कोणी दिला, पिशवीत कोणी भरला, ते मला विचारायचं नाही. त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणत नाही, गावात सगळ्यांचं असंच चालतं. पण घरी पोचल्यावर तुला विचारतील, काय झालं. तेव्हा सरळ सांग, आक्कानं सही केली नाही. माझं नाव पुढं कर, मला चालेल, मला त्याची सवय आहे. तू मागितलीच नाहीस, हे आपल्या दोघांत राहू दे.

तुझी आक्का